सकाळी चेहऱ्यावर, संध्याकाळी पायांवर

सकाळी उठले की पापण्या जड आणि डोळ्यांखाली फुगवटे. दुपारपर्यंत सूज ओसरायची, त्यामुळे ऑफिसात कुणाच्या लक्षात यायचं नाही. घरी मात्र सासूबाई विचारायच्या, "झोप नाही का झाली गं?" संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठलेले असायचे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी प्रश्नांची सरबत्ती केली. खाज येते? दाढ दुखते? बीपीची गोळी चालू आहे? रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी ओठ, जीभ सुजू शकते, तेही कधीकधी गोळी सुरू करून वर्षं उलटल्यावर, हे मला तिथेच कळलं. माझं सगळ्यालाच 'नाही'. मग त्यांनी नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला, तर खळगा तसाच.

"लघवीला फेस येतो का, ताई?"

येत होता.

तपासणीत लघवीतलं प्रोटीन ३+, म्हणजे बरंच जास्त, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी, कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं. थायरॉइड नॉर्मल. चिठ्ठी मिळाली ती थेट किडनीच्या डॉक्टरांच्या नावाने.

तिथे २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली. लॅबवाले मोठा कॅन देतात. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून पुढची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. एक वेळ चुकली तर हिशोब चुकतो. म्हणून रविवार धरला आणि पाहुण्यांना 'येऊ नका' म्हणून कळवलं. कारण काय सांगणार?

२४ तासांत साडेतीन ग्रॅमच्या वर प्रोटीन गेलं, म्हणजे नेफ्रोटिक सिंड्रोम, किडनीच्या गाळणीतून प्रोटीन वाहून जाण्याचा विकार. लहान मुलांना बहुतेक वेळा थेट स्टेरॉइड सुरू करतात. मोठ्यांची सहसा बायोप्सी करून, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून, कारण बघतात. मला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. सोनोग्राफीत बघत पाठीत भूल दिली. "श्वास रोखा." स्टेपलरसारखा खट्ट आवाज. दुखलं फारसं नाही. कंटाळा आला तो नंतर तासन्‌तास उताणं पडून राहण्याचा. लघवीत रक्त दिसतंय का, हे नर्स दर वेळी बघून जायची.

निदान मिनिमल चेंज डिसीज, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडनीत जवळजवळ काहीच बदल दिसत नाही असा आजार. मीठ कमी आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. फेस हळूहळू गेला, पायही उतरले, आणि चेहरा पुन्हा गोल झाला! ही सूज औषधाची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तब्येत छान सुधारली हो!" आरसा कितीही बोलला तरी ही गोळी मनाने बंद करायची नसते, डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.

आता घरीच प्रोटीन तपासायची पट्टी लघवीत बुडवून बघते. पिवळी राहिली की ठीक, हिरवट होऊ लागली की फोन. ताप, पोटदुखी, एकाच पायाला सूज किंवा धाप यांत फोनवर वेळ घालवायचा नाही, सरळ निघून यायचं, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. ओठ-जीभ सुजून श्वास अडला तर कुणालाही तेच. डोळ्याभोवती लाल सूज येऊन डोळा फिरवताना दुखलं किंवा अंधुक दिसलं, तरीही त्याच दिवशी दवाखाना.