गाळाखालची काळी तार

"दादा, बटण बंद केलं तरी लाईट लुकलुकतेय." सकाळी सातला वहिनींचा फोन आला. आदल्याच दिवशी सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या कपाटांखालच्या दोन जुन्या दोन फुटी ट्यूब काढून मी एलईडी स्ट्रिप बसवून आलो होतो.

काम मनासारखं झालं होतं. तीन मीटर स्ट्रिप, मीटरला साधारण १० वॅट. त्यावर १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज स्ट्रिपला चालेल अशी कमी करून देणारा डबा, शेगडीच्या वाफेपासून लांब, कोपऱ्यातल्या कपाटात. कपाटांच्या तळाला वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा चिकट थर होता. तो निघाल्याशिवाय कुठलाच गम धरत नाही, त्यामुळे अर्धा तास पुसण्यातच गेला. स्ट्रिप अॅल्युमिनियमच्या पट्टीत घालून कपाटाच्या पुढच्या कडेला घेतली, कारण भिंतीला लागून लावली की टाइल्स झगमगतात आणि विळीपाशी उजेड कमी पडतो. रंग ठरवायला मात्र वेळ लागला. वहिनींना पांढराशुभ्र ६५०० केल्विन हवा होता. आजींनी मिसळणाच्या डब्यातली हळद बशीत काढली आणि नमुन्याच्या दोन्ही तुकड्यांखाली धरून बघितली. ६५०० खाली ती फिकट, शिळी वाटली. ४००० केल्विन आणि ९० सीआरआयच्या (रंग किती खरे दिसतात याचं माप) तुकड्याखाली पिवळीधमक. "सांगलीत राहून हळद अशी मेलेली बघायची होय रे?" आजी म्हणाल्या. प्रश्न तिथंच मिटला.

स्ट्रिप लुकलुकली की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो, आणि बरेच जण तो बदलून मोकळे होतात. मी नवा ड्रायव्हर बरोबर नेला होता, पण आधी टेस्टर काढला. बटण बंद ठेवून ड्रायव्हरकडे येणाऱ्या दोन्ही तारांना लावला. दोन्हींवर पेटला. बटण बंद असताना तिथं एकही तार पेटायला नको. म्हणजे बटण फेज, वीज घेऊन येणारी तार, तोडत नव्हतं; न्यूट्रल, परतीची तार, तोडत होतं. अशानं दिवा विझतो, पण फेज दिव्यापर्यंत येऊन उभाच असतो. शेजारच्या तारांमुळे जो नावापुरता प्रवाह चालू राहतो, तो ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये साठत जातो. पुरेसा साठला की स्ट्रिप क्षणभर उजळते आणि परत विझते. जुन्या चोकच्या ट्यूबला एवढ्याशा प्रवाहानं काहीच होत नाही, म्हणून इतकी वर्षं हा दोष कुणाला दिसला नव्हता.

दिसला नव्हता, पण आजींच्या हाताला कळला होता. मी वहिनींना समजावत होतो, ते ऐकून त्या दारातूनच म्हणाल्या, "तरीच मला त्या ट्यूबला ओलं फडकं लावलं की मुंग्या यायच्या. बटण बंद करूनच पुसायचे मी." वहिनींचा चेहरा उतरला. आजींना मधुमेह आहे. हाताला मुंग्या येतात म्हटल्यावर घरात सगळ्यांनी ते साखरेवर ढकललं होतं.

काढलेली ट्यूबची फिटिंग माझ्या गाडीच्या डिकीतच होती. ती ओट्यावर आणून उघडली. चोकची वायर पत्र्याच्या कडेवर दाबली गेली होती, आणि तिथं तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं होतं. अर्थिंगची हिरवी तार कापून कपाटामागं सारलेली. फरशी ओली, पाय अनवाणी, हातात ओलं फडकं. मी ती फिटिंग धरून बराच वेळ काही बोललो नाही.

मग बोर्ड उघडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. या घरात पाणी ओट्याच्या वर हातभर चढलं. बोर्ड बुडाले, वरची कपाटं आणि त्यांच्या पोटातल्या ट्यूब वाचल्या. पूर ओसरल्यावर बोर्ड नवे बसले, पाइपमधल्या तारा जुन्याच राहिल्या. बटणात गेलेली तार तपकिरी दिसत होती. नखानं खरवडली. वाळलेल्या गाळाचा पापुद्रा निघाला आणि खालून काळा, न्यूट्रलचा रंग आला. शेजारची, थेट जोडलेली तार खरवडली तर ती लाल, फेजची निघाली. ज्यानं हे काम केलं त्याच्यापुढं तीनही तारा एकाच रंगाच्या असणार. टेस्टर लावला असता तर कळलं असतं, पण तेव्हा गल्लीत वीजच नव्हती. वीज आल्यावर दिवा लागला, आणि दिवा लागतोय म्हटल्यावर परत कोण बघतो? मीही आदल्या दिवशी तेच केलं. एमसीबी, म्हणजे मुख्य खटका, पाडून, तारा मेलेल्या आहेत याची खात्री करून काम केलं, ते बरोबरच. पण वीज चालू केल्यावर, बटण बंद असताना, टेस्टर लावला नाही.

तारा बदलल्या, अॅल्युमिनियमच्या पट्टीला अर्थिंग जोडलं, डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, वीज गळली की लगेच तोडणारा खटका, बसवली. घरातली सगळी बटणं तपासली. आणखी दोन तशीच निघाली, त्यातलं एक मोरीतलं. लुकलुकणं थांबलं. ड्रायव्हर चांगलाच होता.

घरी आल्यावर २०१९ ची माझी वही काढली. पुरानंतरचे ते दोन महिने मीही दिवसरात्र याच भागात बोर्ड जोडत होतो, अंधारात, त्याच गाळात. वहीत एकवीस घरं आहेत. दर रविवारी एक-दोन घरांत जातो, पैसे घेत नाही. आतापर्यंत नऊ झाली. सातव्या घरात, मोरीच्या बटणात, काळी तार निघाली. ती मीच जोडलेली होती. तिथल्या काकूंना ते सांगितलं आणि त्यांच्यासमोरच तार बदलली. येत्या रविवारी दहावं घर.