हिरवा ग्लास आणि हनुवटीवरचे पिंपल्स

आज पालक, काकडी, अर्धं सफरचंद, लिंबू आणि भिजवलेलं जवस मिक्सरमधून काढलं. रंग भयंकर, चव बरी. हनुवटीवरचे पिंपल्स सध्या खूप कमी झालेत, म्हणून मैत्रिणीने फोनवर विचारलं, "पालकामुळेच ना गं?"

खरं सांगू? मला नाही वाटत. या ग्लासने माझा साखर घातलेला गोड नाश्ता हटवला, तेच जास्त कामाचं ठरलं असावं. रक्तातली साखर झपकन वाढली की इन्सुलिन वाढतं, त्यासोबत आयजीएफ-१ हे वाढीचं संप्रेरकही, आणि मग त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात मुरुमं असलेल्या तरुण मुलांना १२ आठवडे साखर हळू वाढवणारा आहार दिला, तेव्हा त्यांची मुरुमं नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. १२ आठवडे हं! चार दिवसांत चेहरा चमकवणाऱ्या व्हिडिओंवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

तीन केळी, आंबा नि वर मध घातला, तर रंग हिरवा असून उपयोग काय? साखरच ती. गाळायचंही नाही, चोथा हवाच. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधापासून बनणारी प्रोटीन पावडर, तर मी टाळतेच, काहींना त्याने मुरुमं वाढतात. आणि मुतखड्याचा त्रास असेल, तर रोज कच्चा पालक नको, त्यात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडे बनायला मदत करणारा घटक, भरपूर असतं.

डॉक्टरांनी दिलेलं मुरुमांवरचं औषध अ‍ॅडापलीन रात्री लावणं चालूच आहे, त्यामुळे सगळं श्रेय मिक्सरला देता येत नाही. उद्या पुदिना घालून बघते.