उद्यानात किती माणसं सुखाने मावतात? मोजणीचा माझा अनुभव

नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर भागात कॉलनीतली दोनेक एकरांची उद्यानं असतात, तसं एक हिशेबाला घेऊ. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. पण हा आकडा धरायचा नाही. फुलांचे वाफे, मेंदीची कुंपणं, कारंजं, पंपाची खोली आणि स्वच्छतागृह वजा करून उरेल ती खरी जागा. मी उपग्रह नकाशावर आखणी करतो आणि मग टेप घेऊन पडताळतो, कारण झाडांच्या फांद्यांखालची पायवाट वरून दिसत नाही.

उरलेल्या जागेचे तुकडे करायचे. समजा, लॉन २,४०० चौरस मीटर आहे. चौघांच्या कुटुंबाला डबा उघडून ऐसपैस बसायला ४० चौरस मीटर लागतात असं मी धरतो, म्हणजे २४० माणसं. ३५० मीटरच्या ट्रॅकवर दर ७ मीटरला एक जोडी धरली तर १०० जण. खेळण्यांकडे क्षेत्रफळ मोजून उपयोग नाही, तिथे पाळी मोजावी लागते. ३ मिनिटांचा झोका असेल तर मागे दोघंच उभी राहू द्यावीत. तिसरं आलं की भांडण ठरलेलं. चार झोक्यांची १२ मुलं, घसरगुंडी-सीसॉ धरून ४०. एकूण ३८०.

आता फसगत. एखाद्या जागेत किती पर्यटक मावतात हे काढायची संशोधक मिगेल सिफुएन्तेस यांची १९९२ची पद्धत संरक्षित निसर्गक्षेत्रांसाठी होती. तिच्यात उघडं राहण्याचे तास भागिले सरासरी मुक्काम, अशा फेऱ्यांनी गुणतात. उद्यान १० तास उघडं आणि मुक्काम पाऊण तास, म्हणजे १३ फेऱ्या, म्हणजे रोज ४,९४० माणसं! कागदावर छान दिसतं. पण दुपारी तीनला कोण येतंय? सगळी गर्दी संध्याकाळी सहा ते आठ. म्हणून मी दिवसाचा आकडा देतच नाही, एका वेळचा देतो.

त्याच पद्धतीतले घट-गुणक, म्हणजे पावसासारख्या अडचणींपोटी आकडा कमी करणारे गुणक, मात्र कामाचे आहेत, फक्त ज्या तुकड्याला लागतात त्यालाच लावायचे. पाऊस लॉनला लागतो, पेव्हर ब्लॉकच्या ट्रॅकला फारसा नाही. पाऊस आणि चिखल असे दोन गुणक लावले तर एकच नुकसान दोनदा मोजलं जातं. माळीदादांनी पाच वाजता पाणी सोडलं की निम्मं लॉन ऐन गर्दीत बाद होतं आणि ३८०चे २६० होतात. पाणी सकाळी दिलं तर १२० जणांची जागा फुकटात परत मिळते.

प्रत्यक्ष मोजणी प्रत्येक फाटकावर, दर १५ मिनिटांनी, आत-बाहेर वेगळी. एक साधा दिवस आणि एक रविवार तरी हवा; परीक्षा आणि गणपतीचे दिवस टाळायचे. तुटक्या जाळीतून येणारी मुलं सुटतात आणि चूक साचत जाते, म्हणून दर तासाला आत फिरून डोकी मोजायची. ताळा असा: तासाला २४० येत असतील आणि पाऊण तास थांबत असतील, तर आत सरासरी १८० असायला हवेत. फरक मोठा असेल तर एखादं फाटक राहिलंय.

बाहेर पडणाऱ्यांना "आज गर्दी वाटली का?" विचारून शेजारी त्या वेळचा आकडा लिहितो. यात एक खोच आहे. गर्दीला कंटाळलेले ज्येष्ठ संध्याकाळी येणंच सोडून देतात, ते भेटतात पहाटे साडेपाचला. त्यांना विचारलं नाही तर सुखाने मावणाऱ्यांचा आकडा हमखास जास्त निघतो.