अलंगच्या गुहेतला मुक्काम: आठ जणांचा डिसेंबर

अलंग गडावर झोपायला गुहा आहे, प्यायला कातळात खोदलेल्या टाक्यांचं पाणी आहे, बाकी काहीही नाही. मदतीला माणूस नाही, दार नाही, चटई नाही. रात्र कशी जाणार हे गुहेत नाही, खाली रोप लावून चढायच्या कातळावर ठरतं. तिथे उशीर झाला की अंधारात पाणी शोधायची वेळ येते.

आदल्या रात्रीच पायथ्याच्या आंबेवाडीत पोचावं. इगतपुरीजवळच्या घोटीहून एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत. मुक्कामाच्या परवानगीचं गावात आणि वनखात्याच्या माणसांकडे आधी विचारून घ्यावं, जमल्यास गावातला वाटाड्याही घ्यावा. पहाटे पाचला निघालं की अडीच-तीन तासांत अलंग आणि शेजारचा मदन गड यांच्यामधली खिंड येते. डावीकडे अलंग, उजवीकडे मदन.

इंग्रजांनी 1818 मध्ये पायऱ्या उडवल्या, म्हणून मधला उभा कडा रोप लावूनच चढावा लागतो. प्रत्येकी दहा-बारा मिनिटं धरली तरी आठ जणांना दीड तास लागतो. त्यात सॅक ओढायचा वेळ वेगळा. सॅक पाठीवर घेऊन चढू नका, वजन मागे खेचतं आणि हात लवकर भरून येतात. कातळात ठोकलेले जुने बोल्ट दिसतील, पण नुसत्या एका बोल्टवर कधीही विसंबू नका. दोन ठिकाणी अँकर, म्हणजे रोप बांधायचा आधार, घ्या आणि लोड दोन्हींवर वाटा. कड्यावर मधमाश्यांची पोळी असू शकतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा.

वर दोन गुहा आहेत, मिळून तीस-चाळीस जण मावतात. शनिवारी दुसरा गट आधीच आलेला असू शकतो, म्हणून प्लास्टिकचा एक मोठा कागद आणि दोरी सोबत ठेवा. झोपायची जागा उजेडातच निवडा. आधी टॉर्च मारून छत आणि कोपरे बघा, दगड उचलताना विंचवाकडे लक्ष द्या, मग जमीन झाडून कागद आणि त्यावर फोमची मॅट टाका. कातळाचा गारवा खालून चढतो. वर दोन पांघरुणं घेऊनही खाली मॅट नसेल तर झोप लागत नाही. गुहेच्या तोंडाशी वारा थेट लागतो, आतल्या भिंतीलगत झोपा. उंदीर सॅक कुरतडतात, वास येणारं सगळं डब्यात बंद करून दोरीला टांगा. सकाळी बूट झटकूनच घाला.

चूल गुहेत पेटवू नका. धूर आतच कोंडतो, डोळे चुरचुरतात आणि पुढच्या गटालाही तो काळा थर सोसावा लागतो. आठ जणांची खिचडी आणि दोन वेळचा चहा यांना 230 ग्रॅमचे दोन गॅस कॅन पुरतात. ते रेल्वेने नेता येत नाहीत, त्यामुळे गाडीने जाणारा एक जण ठरवून ठेवा.

पाण्याचं थोडं सविस्तर. गडावर अकरा टाकी आहेत, पण सगळ्यांचं पाणी पिण्याजोगं नसतं. जिथे शेवाळ कमी आणि तळ दिसतो ते टाकं निवडा. टाक्यात उतरू नका, बाटलीला दोरी बांधून पाणी काढा. दुहेरी सुती कापडातून गाळा, खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. भांडी काठावर अजिबात घासू नका. साबणाचा फेस उतारावरून सरळ टाक्यात जातो, आणि तेच पाणी पुढच्यांनी प्यायचं असतं. शौचाला टाक्यांच्या खालच्या बाजूला, लांब जा आणि वीतभर खड्डा खणा. मदनवर मुक्काम करणार असाल तर पाणी खालूनच न्या, तिथली टाकी हिवाळा सरता सरता आटत जातात.

उतरताना एक चूक वारंवार होते. चढायला 40 मीटरचा रोप पुरतो, पण खालून ओढून काढता यावा म्हणून तोच दुहेरी टाकला की हाती 20 मीटरच उरतात आणि टोक हवेत लोंबतं. म्हणून दोन रोप जोडून टाका, दोन्ही टोकांना गाठ मारा आणि जोडाची गाठ कोणत्या बाजूला आहे हे खालच्यांना ओरडून सांगा. शेवटचा माणूस वर असतानाच खालून रोप ओढून बघा. सरकत नसेल तर तो अँकरशी बसून गाठ कड्याच्या धारेखाली आणू शकतो. तोही खाली आला की ओढण्याआधी टोकांच्या गाठी सोडा. त्यानंतर रोप अडकला, तर वर चढण्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही.