भाऊबीज ते तुळशीचं लग्न

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आमच्या वाडीच्या देवळासमोर नारळ ठेवला जायचा आणि गावकर गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरं तुझ्या सड्यावर धावायला उतरलीत. कुणाची वाट चुकली तर वाटेला लाव, कुणाचा पाय काट्याकुट्यात पडला तर राखण कर." आम्ही पन्नास-साठ पोरंपोरी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचो. तिथपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस आमच्या मंडळाचे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात क्रिकेटचे सामने होत, नमन होई, शिमग्याला पालखी नाचे. ते सगळीकडेच होतं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावायच्या शर्यती मात्र पंचक्रोशीत फक्त आमच्याकडे. ओरिएंटिअरिंग हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर कधी बसला नाही. ती म्हणायची "निशाणांचा आठवडा", आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

हे सुरू केलं फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेल्या काकांनी. १९९४ ची दिवाळी होती, मी आठवीत होते. सैन्यात असताना त्यांनी स्वतः या शर्यती धावल्या होत्या. नियम समजवायला त्यांना दोन मिनिटं पुरली. नकाशावर त्रिकोण म्हणजे सुरुवात, गोल म्हणजे निशाण, एकात एक दोन गोल म्हणजे शेवट. निशाणं दिलेल्या क्रमानेच गाठायची, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. दर तीन मिनिटांनी एकजण सुटणार, म्हणजे कुणी कुणाच्या मागे लागून धावू शकत नाही. ज्याला कमी वेळ लागला तो पहिला. नॉर्वेत १८९७ साली अशी पहिली जाहीर शर्यत झाली, स्वीडनमध्ये १९६५ पासून दर उन्हाळ्यात पाच दिवसांच्या शर्यती भरतात आणि त्यात हजारो माणसं, आजोबा-नातवंडं एकत्र धावतात, हेही त्यांनीच सांगितलं. "आजोबासुद्धा?" असं कुणीतरी विचारलं होतं. काका म्हणाले, "वयाप्रमाणे नकाशावरची आखणी वेगळी. पण रान तेच."

आधी नकाशाच नव्हता. सर्व्हे ऑफ इंडियाचा काकांकडचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि आमची अख्खी वाडी अंगठ्याच्या नखाखाली झाकायची. धावायला हवा १:१०,००० चा, एका सेंटिमीटरला शंभर मीटर. तो आम्हीच काढला. शाळा सुटली की काका आणि आम्ही चार-पाच जणं सड्यावर, म्हणजे गावाच्या कातळी माळावर, जायचो. दर दुसरं पाऊल मोजायचं. माझ्या बहात्तर जोडपावलांत शंभर मीटर होत, हा आकडा मला अजून पाठ आहे. होकायंत्राने दिशा घ्यायची, पावलं मोजायची, पाटीवर लावलेल्या कागदावर रेघ ओढायची. गडगे म्हणजे रचलेल्या दगडांची कुंपणं, बेडी म्हणजे त्यांतून जायची दारं, पाणंदी, विहिरी, पडक्या घरांची जोती, एकटं उभं असलेलं ऐनाचं झाड, पावसाळ्यापुरतं भरणारं तळं. एक पावसाळा मधे गेला. पुढची दिवाळी जवळ आली तेव्हा कुठे सड्याचा आणि खालच्या आगराचा नकाशा पुरा झाला.

रंगांची मला फार गंमत वाटायची. तपकिरी रेषा उंचीच्या, पाच-पाच मीटरला एक. निळं पाणी, काळे दगड आणि माणसाने बांधलेलं सगळं, पिवळा मोकळा सडा. हिरवं म्हणजे दाट, आणि जितकं गडद तितकं जायला कठीण. करवंदीच्या आणि घाणेरीच्या जाळ्या गडद हिरव्या. आणि पांढरा रंग म्हणजे रिकामी जागा नव्हे, झाडांखालून मोकळेपणी धावता येईल असं रान. राजापूरला झेरॉक्स काढून आणायचो त्या काळ्या-पांढऱ्या निघत, म्हणून प्रत्येक प्रत हाताने रंगवावी लागे. फराळाची भांडी घासून झाली की आम्ही मुली ओटीवर नकाशे पसरून बसायचो. चकलीच्या तेलाचा डाग नकाशावर पडला तर तिथे गावात नसलेली टेकडी उगवायची, त्यामुळे हात धुतल्याशिवाय कुणी जवळ यायचं नाही.

निशाणं आत्याने शिवली. तीस सेंटिमीटरचे तीन चौकोन जोडून त्रिकोणी कंदिलासारखं, प्रत्येक चौकोन तिरका कापून अर्धा पांढरा, अर्धा भगवा. त्यांना आकडे ३१ पासून पुढचे, म्हणजे शर्यतीतल्या क्रमांकाशी घोटाळा होत नाही. पहिली काही वर्षं प्रत्येक निशाणाला दोरीने वेगळ्या रंगाचा खडू बांधलेला असायचा. आपल्या पत्रिकेवर त्याची रेघ मारली की तिथे पोचल्याची खूण झाली. नंतर काकांनी सुयांचे चिमटे मिळवले, ते दाबले की कागदाला प्रत्येक निशाणाची वेगळी नक्षी पडे. हल्ली बोटात अडकवायची इलेक्ट्रॉनिक चिप असते, निशाणावर टेकवली की सेकंदापर्यंत वेळ नोंदते. ती आमच्यापर्यंत आली नाही.

देवराईवर नकाशात जांभळ्या आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या असायच्या. तिथे पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर शर्यतीतून बाद. गडग्यावरून चढायचं नाही, बेड्यातूनच जायचं, कारण रचलेला गडगा एकदा ढासळला की लावायला बागवाल्याचा दिवस जातो. गडग्याच्या फटीत आणि दगडाखाली हात घालायचा नाही. कातळावर फुरशी असतात, विषारी साप, आणि फुरसं दिसायच्या आधी चावतं. गळ्यात शिट्टी सगळ्यांच्या, लांब विजारी सगळ्यांच्या, मुलींच्याही. १९९५ साली आमच्या वाडीत मुलींनी विजार घालून सड्यावर एकटीने धावणं ही लहान गोष्ट नव्हती. काकांनी त्यावर भाषण वगैरे केलं नाही. मुलींची नावं मुलांच्याच यादीत लिहिली आणि यादी देवळाच्या खांबाला लावली.

आठवड्यात सहा शर्यती, मधे एक दिवस सुट्टी. एक पाणंदींतून आणि घरांमधून, छोटी आणि वेगाची. एक लांब, दोन सडे ओलांडून. शेवटी जोडशर्यत, म्हणजे रिले, तिघांची एक तुकडी. पण ज्या रात्रीची मी वर्षभर वाट बघायची ती तिसऱ्या दिवसाची, काळोखातली शर्यत. हातात तीन सेलची बॅटरी, उजेडाच्या पलीकडे काहीच नाही. दिवसा ओळखीचा असलेला कातळ रात्री अनोळखी होतो. काकांनी एक युक्ती दिली होती आणि ती कुठल्याही शहरातल्या धावणाऱ्याला मिळणार नाही. थांब, बॅटरी विझव, ऐक. समुद्र पश्चिमेला आहे. गाज डाव्या कानात असेल तर तुझं तोंड उत्तरेला. पहिल्या वर्षी मी घाबरून एका आंब्याखाली उभी राहिले होते, रडायच्या बेतात. बॅटरी विझवली आणि डाव्या बाजूने, अगदी हलकी, गाज ऐकू आली. त्या आवाजाच्या आधाराने मी चार निशाणं गाठली.

काकांनी शिकवलेली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. निशाण पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला असेल तर सरळ त्याच्यावर नेम धरायचा नाही, मुद्दाम थोडं डावीकडे चुकायचं. कारण सरळ गेलात आणि पऱ्ह्यावर निशाण दिसलं नाही, तर ते वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे कळायला मार्ग नाही. मुद्दाम डावीकडे चुकलात, तर पऱ्ह्या लागला की उजवीकडे वळायचं, बस. आठवीतल्या मुलीला कुणी मुद्दाम चुकायला शिकवतो, हे मला तेव्हा नवलाचं वाटलं होतं.

धावणं एकट्याचं, पण संध्याकाळ सगळ्यांची. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरायच्या, मधे नकाशे. पेज, कुळथाची पिठी, कधी उकडलेल्या करांद्यांची पाटी. रीत अशी होती की प्रत्येकाने आपला नकाशा उघडायचा आणि बोट ठेवून सांगायचं, मी इथून गेले, इथे चुकले, इथे किती वेळ घालवला. पहिल्या आलेल्यानेही चूक सांगायचीच. लपवायची सोय नव्हती, कारण वाडीतली म्हातारी माणसं भिंतीला टेकून ऐकत बसलेली असत आणि त्यांना तो सडा तळहातासारखा ठाऊक. "अगो बाय, तो गडगा नाय, ती जोती. तिथं आमच्या आजाच्या वेळेला घर होतं." काका लगेच वही काढत. शंभर पानी वही. नकाशावर नावं छापत नाहीत, पण वहीत प्रत्येक निशाणासमोर म्हाताऱ्यांनी सांगितलेलं जागेचं नाव लिहिलेलं असायचं, कुठल्या सातबाऱ्यावर न सापडणारं. वाघबिळाचा कातळ, कुंभाराचं जोतं, आंधळी विहीर. ती वही भरत गेली, मग दुसरी, मग तिसरी.

पाचव्या वर्षी शेवटच्या वैयक्तिक शर्यतीला मी एक मिनिट पन्नास सेकंदांनी मागे होते. पुढे माझी डोंबिवलीची चुलत बहीण. आदल्या दिवसांच्या वेळांची बेरीज करून त्या शर्यतीत पुढचा आधी सुटतो, मागचे आपापल्या फरकाने, आणि शेवट आधी गाठेल तो आठवड्याचा विजेता. ती सुटली, मी घड्याळाकडे बघत उभी. पाचव्या निशाणापर्यंत मी तिला इतकं गाठलं होतं की तिची पाठ दिसायला लागली. सहाव्याकडे जायला दोन वाटा. मला काहीच विचार करावा लागला नाही, पाय आपोआप पाणंदीला लागले. लहानपणापासूनची वाट. मी धावत खाली उतरले, विहिरीवरून वळले, पुन्हा चढू लागले. वर पोचले तेव्हा सड्यावर ती कुठेच नव्हती. ती शेवटाला पोचलेली होती.

संध्याकाळी तिने नकाशावर बोट ठेवलं. पाणंदीने सात तपकिरी रेषा उतरायच्या आणि सात चढायच्या, म्हणजे पस्तीस मीटर खाली, पस्तीस वर. ती गडग्याचा हात धरून सड्यावरूनच गेली होती, दोन बेड्यांतून, एकही रेषा न ओलांडता. मग माझी पाळी. मी सांगितलं, ओळखीची वाट म्हणून गेले. भिंतीला टेकलेले एक आजोबा म्हणाले, "ती वाट पाण्याची. विहिरीवर जाण्यासाठीच ती उतरते. तुला विहिरीवर कुठं जायचं होतं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. हरल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त हे डोक्यात घोळत होतं की मी पंधरा वर्षं त्या वाटेने गेले आणि ती कुणासाठी पडली, कशासाठी पडली, हे मनात आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गावातली प्रत्येक वाट तशी बघायला लागले. ही गुरांची, म्हणून रुंद आणि आळसावलेली. ही देवळाची, म्हणून पायऱ्यांची. ही मसणाची, म्हणून घरांना टाळून जाणारी.

सुट्टीच्या दिवशी समुद्रावर, बहुतेक वेळा आंबोळगडला किंवा कशेळीच्या देवघळीला. मी नोकरीला लागल्यानंतरच्या एका दिवाळीत मात्र काकांनी आम्हा मोठ्यांना देवाचे गोठणेच्या सड्यावर नेलं. तिथे जांभ्यात कोरलेली माणसाची आकृती आहे. २०२२ मध्ये कोकणातली जी कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत हे ठिकाणही आहे. काकांनी होकायंत्र त्या कातळावर ठेवलं आणि काटा भलतीकडेच वळला. दोन पावलं सरकवलं, काटा पुन्हा फिरला. कोकणात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच असते, म्हणून आम्ही इतकी वर्षं काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता. काका कातळावर उकिडवे बसले होते, पोरासारखे खूश. म्हणाले, "इथे शर्यत ठेवायला हवी होती. फक्त समुद्र ऐकून."

तुळशीच्या लग्नाला बक्षिसं. वृंदावनाजवळ ऊस, चिंचा, आवळे, मंगलाष्टकं, चुरमुरे. पहिल्या आलेल्याला अख्खा ऊस आणि स्टीलचा डबा. दुसऱ्या दिवशी चाकरमानी मुंबईच्या गाडीला लागत आणि आम्ही गावात राहणारे निशाणं गोळा करायला निघायचो. ते काम मला शर्यतीइतकंच आवडायचं. घाई नाही, घड्याळ नाही, एकेक झेंडा सोडवायचा, घडी करायची, काकांनी वहीत खूण करायची.

मी हरले त्या वर्षी ४७ नंबरचं निशाण सापडलं नाही. ते करवंदीच्या गडद हिरव्यात होतं, शर्यतीतही दोघांनाच मिळालं होतं. आम्ही तीन दिवस शोधलं. माकडांनी नेलं असेल म्हणून काकांनी वहीत लिहिलं, "४७ – राहिलं."

वैशाखात आई करवंदांना गेली. आईने कधी नकाशा हातात धरला नव्हता, सभामंडपात ती फक्त पेज वाढायला यायची. दुपारी ती परत आली ती सरळ काकांच्या अंगणात गेली. पाटीत करवंदं आणि वर ते निशाण, उन्हाने भगवा फिकट पडलेला, खडूची दोरी तशीच. हातावर काट्यांचे ओरखडे. "तुमचं ४७ मला गावलं," ती म्हणाली. "माझा नंबर कितवा?"

काकांनी वही मागवली. "राहिलं" हा शब्द खोडला आणि तिथे आईचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे तारीख आणि वेळ. पुढच्या भाऊबीजेनंतर गाऱ्हाण्याला आम्ही उभे राहिलो तेव्हा आई आणि वाडीतल्या आणखी सहाजणी रांगेत होत्या, पदर खोचून, प्रत्येकीच्या हातात रंगवलेला नकाशा.