मुठेच्या काठाने एक दिवस: मुठा गाव ते विठ्ठलवाडी

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही तिघी मुठा नदीचा काठ तपासायला गेलो. सकाळी टेमघर धरणाच्या खालच्या अंगाला मुठा गावाजवळ आणि दुपारनंतर पुण्यात विठ्ठलवाडीला. नदी तीच, मध्ये फक्त खडकवासला धरण. काठ तपासायचा म्हणजे पाण्याला लागून जो ओलसर पट्टा असतो, तिथली माती, झाडं आणि मुळं कोणत्या अवस्थेत आहेत ते बघायचं. हे काम पुन्हा कुणी करावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सकाळी साडेसहाला चांदणी चौक सोडला. पिरंगुटला नाश्ता उरकून लवासाच्या रस्त्याने घाट ओलांडला आणि मुठा खोऱ्यात उतरलो. स्वतःची गाडी बरी पडते, मध्येच थांबता येतं. डबा आणि पाणी बरोबर ठेवा. नदीपर्यंत जायची वाट बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी भातखाचरातून जाते, तेव्हा आधी विचारा. आम्हाला कुणीच नाही म्हटलं नाही.

पाण्याजवळ पोचल्यावर 100 पावलांचा एक तुकडा धरला. दर 10 पावलांवर थांबायचं, पायाखाली बघायचं आणि वहीत लिहायचं: उघडी माती, गवत, मूळ की खडक. मग पाण्यापासून शेताच्या बांधापर्यंत झाडोऱ्याचा पट्टा किती पावलं रुंद आहे ते मोजायचं. आमच्या तुकड्यात एके जागी तो 22 पावलं भरला, तर एके जागी फक्त 3. त्या 3 पावलांच्या जागी दरड ताजी कापलेली होती आणि माती पार पाण्यात उतरली होती.

शेजारच्या शेतात एक आजोबा हरभऱ्यात काम करत होते. त्यांना विचारलं, "आजोबा, इथला काठ कधी तुटला?" ते म्हणाले, "करंजं व्हती तव्हा न्हाई तुटला, पोरी. झाडं काढली, रान वाढवलं. मग पुरानं वाढवलेलं तर नेलंच, वर आणखी नेलं." इतकं नेमकं मला कुठल्याच अहवालात सापडलेलं नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: नदीच्या वळणाची बाहेरची बाजू थोडीफार तुटतेच, तो नदीचा स्वभाव आहे. सरळ वाहत्या जागी किंवा वळणाच्या आतल्या बाजूला काठ तुटत असेल तर काळजी करायची.

रुंद पट्ट्यात मात्र आम्ही दीड तास रमलो. उंबर, करंज, जांभूळ आणि अगदी पाण्यात पाय सोडून उभं वाळुंज. वाळुंजाची मुळं पाण्याखाली बघा, लालसर केसांचा दाट झुपका असतो. मी हात घातला तर बोटं माती­पर्यंत पोचेनात. पूर येतो तेव्हा काठ धरून ठेवतो तो हाच झुपका. उंबराची फळं टपाटप पाण्यात पडत होती आणि खाली बोटभर मासे त्यांना ढुशा देत होते. झाडांच्या सावलीने पाणी थंड राहतं, थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. तिथेच एक दगड उलटा केला, तर तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या पळताना दिसल्या. त्या घाण पाण्यात टिकत नाहीत. दगड बघून झाला की होता तसाच ठेवा. शेतातून वाहून येणारा गाळ आणि खतंही हाच पट्टा अडवतो, आणि पावसाळ्यात मुरलेलं पाणी हिवाळ्यात हळूहळू नदीला परत देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठी झाडं बघून काठाला चांगले गुण देऊ नका. मी पहिल्या वर्षी तीच चूक केली होती, हिरवंगार दिसलं म्हणून पूर्ण गुण दिले आणि नंतर कळलं की अर्धी हिरवाई बेशरमाची, म्हणजे काठावर माजणाऱ्या तणझुडपाची होती. काठावर पोरं आहेत का ते बघा: गुडघ्याखालची रोपं, कमरेएवढी आणि डोक्यावर गेलेली. वाळुंजाचं बी कापसासारखं उडतं आणि थोड्याच दिवसांत मरतं, त्याला तेवढ्यात ओला, उघडा गाळ मिळावा लागतो. मुठा गावाजवळ आम्हाला तिन्ही वयांची करंजं सापडली, वाळुंजाची मात्र गुडघ्याएवढी दोनच.

दुपारी विठ्ठलवाडी. खडकवासल्याचं धरण 1879 मध्ये पूर्ण झालं. आता त्याच्या खाली, पावसाळा सोडला तर नदीत मुख्यतः शहराचं सांडपाणीच वाहतं. देवळाजवळचे जुने वृक्ष बघून जीव सुखावतो. पण 100 पावलांत देशी झाडाचं एकही रोप सापडलं नाही. सुबाभूळ आणि एरंड मात्र भरपूर, त्यांच्या मुळाशी राडारोडा, आणि पाण्यावर जलपर्णी. जिथे भिंत आहे तिथे तर ओला गाळ आणि बी यांची गाठच पडत नाही. निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. त्या रेषेच्या आतली ही जमीन नदीची आहे, तिथे भराव बघितला की मला खरोखर वाईट वाटतं.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम, पाणी निवळलेलं असतं आणि पुराच्या खुणा ताज्या असतात. धरणाखाली पाणी कधीही वाढू शकतं, म्हणून पात्राच्या मध्यात बसू नका आणि डोहात उतरू नका. पूर्ण बूट घाला, गवतात आधी काठी आपटा. शहरातल्या पाण्यात हात घालायचा असेल तर रबरी हातमोजे हवेतच. दोन्ही काठ तपासा, एका काठावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. निघताना एखादं मोठं झाड किंवा खडक ठरवून तिथूनच फोटो काढा आणि वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तीच जागा सापडेल. आम्ही मुठा गावाजवळ दोन खोडांच्या उंबराखालून काढले आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ती दोन वाळुंजं बघायला पुन्हा जाणार आहोत.