मे महिन्यातलं ठाणं आणि ६ वॉटचा प्रोसेसर

दहावीचा निकाल लागला की वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत जिन्यातच मला गाठतात. "मॅडम, मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, किती गिगाहर्ट्झचा घेऊ?" मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, तेव्हा माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: मुलगी अभ्यासाला बसते त्या खोलीत एसी आहे का?

२०२३च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा एन१०० हा स्वस्त लॅपटॉपमधला प्रोसेसर घ्या. चार लहान कोअर (काम करणारे भाग), टीडीपी, म्हणजे सततच्या कामात बाहेर काढावी लागणारी उष्णता, ६ वॉट, आणि टर्बोत, म्हणजे थोड्या वेळापुरत्या वाढीव वेगात, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत धाव. इंटेलचाच जुन्या पिढीतला सेलेरॉन एन४०२० हाही ६ वॉटचाच, पण १४ नॅनोमीटरच्या जुन्या, कमी बारीक बनावटीचा, दोन कोअरचा आणि फार तर २.८ गिगाहर्ट्झचा. वॉट तेवढेच ठेवून काम कितीतरी वाढलं, ही मला या क्षेत्रातली खरी प्रगती वाटते. जाहिरातीत मात्र ती दिसत नाही, तिथे फक्त टर्बोचा आकडा मोठ्या अक्षरात असतो.

आणि टर्बो महाग पडतो. चिपमध्ये खर्च होणारी वीज साधारणपणे व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रीक्वेन्सी अशी वाढते. वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर वीज जाते ३३ टक्के जास्त. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी बॅटरी अशी रिकामी होते, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

बाहेर पडते म्हणजे कुठे? खोलीच्या हवेत. इथे आपलं ठाणं मध्ये येतं. फॅन नसलेल्या टॅब्लेटची पाठ हाताला चटका बसेल इतकी तापू द्यायची नसते, म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. समजा ती मर्यादा ४५ अंश आहे. एसीच्या खोलीत २५ अंश असतील तर फरक २० अंशांचा, आमच्याकडे मेमध्ये दुपारी ३५ असतात, म्हणजे फरक १० अंशांचा. उष्णता साधारण याच फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते. तोच टॅब्लेट, तीच चिप, पण सतत वापरता येणारे वॉट जवळजवळ निम्मे! माझी भाची तिच्या टॅब्लेटवर व्हिडिओ एडिट करते. सकाळी झरझर होणारं एक्स्पोर्ट दुपारी रेंगाळतं, ते यामुळेच. टॅब्लेट बिघडलेला नाही.

ॲपलने २०२०मध्ये एम१ हीच चिप फॅन नसलेल्या मॅकबुक एअरमध्येही घातली आणि फॅन असलेल्या १३ इंची प्रोमध्येही. थोड्या वेळाच्या कामात दोन्ही बरोबरीचे, लांबलेल्या कामात एअर मागे पडतो. इतकी चांगली चिपसुद्धा हवेशी भांडू शकत नाही.

भाचीला मी सांगितलं, टॅब्लेट गादीवर ठेवू नकोस, स्टँडवर उभा कर आणि टेबल फॅनचा वारा पाठीला लागू दे. फरक लगेच कळला. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर पॉवर सेटिंगमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो. उन्हाळ्यात टायपिंग आणि लेक्चरचे व्हिडिओ यांना तेवढं पुरतं.

रॅमचंही दुकानात विचाराच. एन१००ला मेमरीचा एकच चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणारा एकच रस्ता आहे, आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असेल तर ४ जीबीची ८ कधीच होणार नाही.

एसी नसलेल्या घरासाठी मी फॅनवालाच लॅपटॉप सुचवते. आवाजाने अभ्यासात व्यत्यय येईल अशी धास्ती आईवडिलांना असते. पण ६ वॉटच्या चिपवर नोट्स टाइप करताना तो फॅन बराचसा वेळ बंदच असतो किंवा अगदी हळू फिरतो.